अंगभंगाचा सीझन

मी त्या राक्षसाचा उजवा हात खांद्यातून उतरवला तेव्हा रेणुका इतक्या जोरात किंचाळली की मला हेडफोन कानावरून सरकवावा लागला.

“अबे डॉक्टर! एकाच वारात? आमी दोघं दहा मिनिटांपासून कुटून राह्यलो ना त्याले!”

“सांधा दिसला, वार घातला,” मी म्हणालो.

“मले काहून नाही दिसत मंग?”

उत्तर द्यायला वेळ नव्हता. राक्षसाला अजून तीन हात होते आणि त्यांतल्या एकात भाला होता. त्याने तो फेकला, आणि भाला थेट शंतनूच्या पात्राच्या छातीत रुतला. “उपट!” रेणुका ओरडली. सर्वांत जवळ मी होतो. तलवार टाकून मी भाला धरला आणि खेचला. रक्ताची चिळकांडी पडद्यावर उडाली, शंतनूने मलमाची डबी फोडली, तोवर मी तोच भाला फिरवून राक्षसाच्या गुडघ्याच्या वाटीखाली घातला होता. पाय सुटला. तो कोसळला तसा मी तलवार उचलून त्याच्या पाठीवर चढलो, मानेचा मणका शोधला आणि मुंडकं वेगळं केलं. ते पायऱ्यांवरून गडगडत गेलं तरी डोळे फिरतच होते. खेळ बनवणाऱ्यांनी या सीझनला रक्ताच्या बाबतीत हात अजिबात आखडता घेतला नव्हता.

“उतरवलास तो हात, तेव्हापासून अकरा सेकंद,” शंतनू म्हणाला. “डॉक्टर, तू माणूस नाहीयेस.”

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. खेळाचं नाव अंधारगड. आम्ही तिघं त्यात रोज भेटायचो, पण समोरासमोर कधी आलो नव्हतो. शंतनू केळकर पुण्याचा, आमचा म्होरक्या. इतका सभ्य, की पात्र मरायला टेकलं तरी “मी मरतोय बहुतेक” असं शांतपणे कळवायचा. रेणुका वानखडे अकोटची. ती ढाल घेऊन पुढे उभी राहायची आणि आमच्या वाटच्या शिव्याही तीच द्यायची. मी दिगंबर कोथमिरे, मिरजेचा.

अंधारगडात दर चार महिन्यांनी नवा सीझन यायचा. सगळ्यांची पात्रं पुसली जायची, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात, आणि सोबतीला नवे नियम. अकराव्या सीझनचं नाव होतं अंगभंग. शत्रूच्या डोक्यावर त्याचा उरलेला जीव दाखवणारी लाल पट्टी असायची, ती या वेळी काढूनच टाकली होती. नुसतं कुटत बसून आता कोणी मरत नव्हतं. सांधा हेरायचा, नेमका तिथे वार करायचा आणि अवयव वेगळा करायचा. तोडलेला अवयव उचलून आपल्या अंगावर चढवला की अर्धा तास त्याची ताकद आपली. मी एकदा दोन राक्षसांचे हात आणि एका घोड्याचे मागचे पाय लावून अख्खा किल्ला साफ केला होता.

तिसरा नियम सगळ्यात वाईट होता. शत्रूचं हत्यार आपल्या अंगात रुतून बसायचं आणि दोन सेकंदांत विष भिनायचं. ते सोबत्याने उपटायचं. मग रक्त वाहायचं, पण मलम लावलं की थांबायचं. बाकीचे गट इथेच मरत होते. कोण उपटणार, हे ठरेपर्यंत दोन सेकंद संपायचे. शंतनूने आमच्यापुरती शिस्त लावली. ज्याला दिसेल त्याने ओरडायचं, जो जवळ असेल त्याने हातातलं टाकून उपटायचं. रोज खेळाआधी चाळीस वेळा सराव.

“विचार करायचा नाही,” तो सांगायचा. “ऐकलं की हात गेला पाहिजे.”

चार महिने आमचे हात तसेच जात होते.

आता डॉक्टरचं सांगतो. मी डॉक्टर नव्हतो. आमचं मिरजेत मटणाचं दुकान होतं, अजून आहे. बोकड कापायला मुलाणीकाका यायचे, पुढचं सगळं आमच्याकडे. सोलायचं, फरे म्हणजे पुढचे पाय खांद्यातून काढायचे, मांड्या सोडवायच्या, सत्तुराने नळीची हाडं तोडायची. मी आठवीपासून मटण तोडायच्या ओंडक्यामागे उभा होतो. खेळातले राक्षस ज्याने चितारले त्याने जनावरांचे सांधे नीट पाहून चितारले होते, आणि मला ते अंधारातही दिसले असते.

सीझनच्या पहिल्या आठवड्यातच शंतनूने विचारलं, “तुला हे सगळं कळतं कसं?” त्याच्या आदल्याच दिवशी तो सहज बोलून गेला होता, की त्यांच्या मंडईच्या वाटेवर एक खाटकाचं दुकान आहे आणि तिथून जाताना तो लहानपणापासून श्वास रोखून धरतो. मनात काही नव्हतं त्याच्या. माझ्या मात्र ते रुतून बसलं होतं. मी म्हणालो, “मेडिकलला आहे. दुसऱ्या वर्षाला.” मिरजेच्या माणसाने असं म्हटलं की कोणी पुरावा मागत नाही. आमच्याकडे दर दुसऱ्या गल्लीत दवाखाना आहे.

झालं, मी डॉक्टर झालो. माइकवर शुद्ध बोलायला लागलो. आणि मला ते आवडायचं, हे कबूल करतो. दिवसभर “ए कोथमिरे, अर्धा किलो खिमा, चरबी नको” ऐकणाऱ्या माणसाला ‘डॉक्टर’ ही हाक काय वाटते, ते खऱ्या डॉक्टरला नाही कळायचं. ती हाक जाऊ नये म्हणून मी काहीही केलं असतं. केलंच.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझा खेळ एकदाच पाहिला. दुपारी दुकान धुऊन ते जेवायला वर आले आणि ताट हातात घेऊन माझ्या मागे उभे राहिले. मी अस्वलासारख्या एका जनावराच्या मांडीशी झटत होतो.

“वरनं काय घालतोयस? हाड फोडायचंय काय तुला?”

“अण्णा, खेळ हाय ह्यो.”

“आसूं दे की. जनावर हाय न्हवं? जांघंच्या घडीत घाल, आतल्या अंगानं. खुबा सुटला की मांडी हातात येती. किती येळा दावलंय तुला.”

मी तसं केलं. मांडी हातात आली, कारंजं उडालं आणि जनावर हंबरत आडवं झालं.

“बघ,” अण्णा घास घेत म्हणाले. “हितनंच रक्ताची मोठी नळी जाती. ती तुटली की खेळ खल्लास. टीव्हीत बरं कापतोस. दुकानात मातुर हात चालत न्हाई लेकाचा.”

माइक बंद होता म्हणून बरं.

शंतनूला वडील नव्हते. आई शाळेत शिकवायच्या, वसुधाकाकू. संध्याकाळी त्या त्याच्या खोलीत पोहे घेऊन यायच्या आणि हेडफोन स्वतःच्या कानाला लावायच्या. “डॉक्टर आहेत का रे? माझा गुडघा जिन्यावर फार दुखतो हो.” मी आवाज जड करून विचारायचो, आतून दुखतो की बाहेरून, आणि सांगायचो, शेक घ्या, थोडे दिवस जिना टाळा. महिन्याभराने गुडघा थांबला. आपोआपच थांबला असणार. पण काकूंच्या लेखी तो मी थांबवला होता. शेजारणींनाही त्या सांगायच्या, “आमचा मिरजेचा डॉक्टर.”

सीझनच्या शेवटी पुण्यात स्पर्धा होती. कर्वे रस्त्याजवळ एक हॉल, पाचशे खुर्च्या, मंचावर सहा कॉम्प्युटर, मागे माणसापेक्षा उंच काचेचे फलक आणि त्यांवर राक्षसांची चित्रं. तिथे आम्ही तिघं पहिल्यांदा भेटलो. शंतनू काटकुळा, चष्मेवाला. रेणुका माझ्या खांद्याएवढी. तिने मला पाहिल्या पाहिल्या माझे दंड चाचपले.

“मेडिकलवाले असे असतात काय बे? तू त मले पहिलवान वाटते.”

“व्यायाम करतो,” मी म्हणालो.

वसुधाकाकू दुसऱ्या रांगेत डबा घेऊन बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, “अरे, डॉक्टर लोकांनी कसला नमस्कार करायचा?”

दुपारी अंतिम सामना लागला. समोर नाशिकचा गट, त्यांचा म्होरक्या पराग बोरसे. तिघांविरुद्ध तिघं, एकच रिंगण, शेवटी ज्यांचं धड उभं राहील ते जिंकले. पहिल्याच मिनिटाला रेणुकाची ढाल मनगटासकट उडाली. ती उरलेल्या हाताने एकाला घेऊनच पडली. शंतनूचा पाय गेला. त्याने सरपटत जाऊन दुसऱ्याच्या टाचेची शीर तोडली आणि दोघंही एकमेकांच्या तलवारींवर संपले. उरलो मी आणि पराग.

मला त्याला एका वारात मारता आलं असतं. मान उघडी होती. पण पाचशे माणसं ओरडत होती, “डॉक्टर! डॉक्टर!” आणि ती हाक माझ्या डोक्यात चढली. मी आधी त्याचं मनगट काढलं. मग कोपर. मग दुसऱ्या बाजूने तेच. त्याचं पात्र हात नसलेल्या खांद्यांनी मला धडका देत राहिलं, तसा मी गुडघा सोडवला, मग खुबा. ते रक्तात लोळत होतं आणि मी भोवती फिरत लोकांकडून टाळ्या घेत होतो. शेवटी मुंडकं काढलं. दुकानात आम्ही जनावराला असं कधीही वागवत नाही. अण्णांनी पाहिलं असतं तर सत्तुराची मूठ डोक्यात घातली असती.

आम्ही जिंकलो. पराग खुर्ची मागे लोटून उठला. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी.

“हे काय खेळणं आहे? खाटीकखाना आहे का हा?” तो माझ्या तोंडासमोर येऊन ओरडला. “खाटीक आहेस तू! खाटीक!”

त्याला काय माहीत होतं? काहीच नाही. तोंडाला आलं ते बोलला. पण मला वाटलं, याला कळलं. दुसऱ्या रांगेत काकू होत्या, बाजूला शंतनू होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी त्याच्या नाकावर ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखीचा आहे.

मग सगळं एकदम सुरू झालं. त्याच्या एका साथीदाराने माझ्या पाठीत खुर्ची घातली. दुसरा गळ्याला लटकला. रेणुकाने कीबोर्ड उपसून त्याच्या डोक्यात हाणला, बटणं लाह्यांसारखी उडाली. “ये लेका, ये इकडं!” ती ओरडत होती. पराग तोंडभर रक्त घेऊन पुन्हा माझ्या अंगावर आला. शंतनू दोन्ही हात वर करून मध्ये शिरला. “अरे थांबा ना, थांबा,” एवढंच तो म्हणत होता.

मी परागला दोन्ही हातांनी ढकललं. माझं सगळं बळ लावून. पराग शंतनूवर आदळला आणि शंतनू मागच्या काचेवर.

फलक फुटला. शंतनू तुकड्यांत बसला होता, पाय पुढे करून, चष्मा एका कानाला. त्याच्या मांडीतून काचेची वीतभर पात वर आली होती, जांघेच्या चार बोटं खाली. रक्त जवळजवळ नव्हतंच. त्याने काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“उपट!” रेणुका ओरडली.

माझा हात गेला.

काच निघाली आणि रक्त उडालं. माझ्या तोंडावर, छातीवर, रेणुकाच्या केसांत. थांबेना. दर ठोक्याला नवी उसळी येत होती. माझ्या एका हातात काच होती आणि दुसरा हात, खरं सांगतो, मलमाची डबी शोधत होता. रेणुका तोंडावर हात ठेवून मागे सरकली. “डॉक्टर, काही कर ना बे,” ती रडत म्हणाली. हॉलमध्ये कोणीतरी किंचाळत होतं, त्या काकू होत्या.

“मी मरतोय बहुतेक,” शंतनू म्हणाला.

त्यानंतर मी जे केलं ते डॉक्टर म्हणून नाही केलं. जांघेच्या घडीत, आतल्या अंगाने, मोठी नळी जिथे हाडावरून जाते तिथे मूठ घातली आणि सगळं वजन टाकलं. उसळी बसली. पुन्हा थोडं वाहिलं, मी मूठ वळवली, थांबलं. ॲम्ब्युलन्स यायला वीस मिनिटं लागली. मला त्याच्यासकट उचलून आत घातलं. हाताला मुंग्या आल्या, मग हात आहे की नाही तेही कळेना, पण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत मी मूठ सोडली नाही.

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. हिंगमिरे त्यांचं नाव, पन्नाशीचे, आवाज खर्जातला.

“शीर जोडली आहे. जीव वाचलाय. मूठ कोणी दाबली होती?”

रेणुकाने आणि काकूंनी माझ्याकडे बोट केलं. हिंगमिरेंनी माझा सुजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“आणि काच कोणी काढली? काच आत राहिली असती तर तीच बूच होऊन बसली असती. तो माणूस माझ्यासमोर आला तर त्याच्या कानाखाली काढीन.”

“त्या नाशिकवाल्यानं,” रेणुका म्हणाली. माझ्याकडे न बघता.

“कितव्या वर्षाला आहेस?” हिंगमिरेंनी मला विचारलं.

“दुसऱ्या.”

“शाबास. पाय मात्र उद्या कळेल. रक्त खालपर्यंत पोचलं तर राहील.”

आम्हाला पाच मिनिटं आत सोडलं. शंतनू गुंगीत होता. मी चादरीखाली हात घालून त्याच्या पावलाला हात लावला. मग बाहेर आलो. काकू दारातच उभ्या होत्या.

“ते लोक मोघम बोलतात,” त्या माझी बाही धरून म्हणाल्या. “तू आमचा आहेस. तू सांग. राहील ना पाय?”

“राहील, काकू,” मी म्हणालो. “नक्की राहील.”

त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डबा उघडून मला दोन पोळ्या खायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हिंगमिरे कागद घेऊन आले. शिरेत गुठळी झाली होती, दोनदा काढूनही पुन्हा झाली. पाय गेला होता. गुडघ्याच्या वरून कापावा लागणार होता आणि तो आजच, नाहीतर मेलेल्या पायाचं विष अंगात चढून मुलगा हातचा जाणार होता. शंतनू शुद्धीवर नव्हता, सही आईची लागणार होती.

काकूंनी कागदाची घडी करून मांडीवर ठेवली. “थांबा,” त्या म्हणाल्या. “आमचा डॉक्टर म्हणालाय, पाय राहील.”

“बाई, तो पोरगा दुसऱ्या वर्षाला आहे!”

“त्याच पोराने माझा मुलगा वाचवला. तुम्हीच काल त्याचा हात हातात घेतलात.”

हिंगमिरे माझ्याकडे असे बघून गेले की जमीन दुभंगली असती तर बरं, असं मला वाटलं. बारा वाजले. एक वाजला. आत शंतनूला ताप चढत होता. काकू बाकावर ताठ बसून होत्या, घडी तशीच. नर्स दोनदा आली आणि दोनदा परत गेली.

“तू सांग ना तिले,” रेणुका माझ्या कानाशी म्हणाली. डोळे सुजले होते तिचे. “तुयं ऐकन ती. तू डॉक्टर होय ना?”

मी आत जाऊन पुन्हा पाय पाहिला. बोटं काळपट निळी, पिंढरीवर ठिपके. तळव्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच, भरून येईना. मग मी काकूंच्या समोर जाऊन उभा राहिलो.

“काकू, सही करा.”

त्यांनी मान वर केली. “काल राहील म्हणालास.”

“काल म्हणालो. आज पाहिलं. आता नाही राहणार.”

“त्यांनी तुला पढवलंय,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता, वर्गात फळ्याजवळ असावा तसा. “तुम्ही सगळे एकाच धंद्यातले. मोठ्या डॉक्टरने डोळे वटारले की लहान डॉक्टर बदलतो. मी नाही ऐकायची. माझ्या पोराचं वय चोवीस आहे रे. त्याला दोन पाय हवेत.”

दुसरं काही सांगून त्यांना पटणार नव्हतं. मी खूप शोधलं, उभ्या उभ्या. चार महिने जे जपलं होतं ते वाचवता येईल असं एकही वाक्य सापडेना, आणि आत तापाचा आकडा वाढत होता.

“मी डॉक्टर नाही, काकू,” मी म्हणालो. “कधीच नव्हतो. मिरजेत आमचं मटणाचं दुकान आहे. मी खाटीक आहे. सांधे मला त्यामुळे कळतात. काच त्या पोराने नाही काढली, मी काढली. त्याला आधी मारलं ते मी, आणि शंतनूवर ढकललं तेही मीच.”

रेणुका भिंतीला टेकली. काकू उठल्या. घडी खाली पडली.

“आणि माझा गुडघा?”

“अंदाजाने सांगितलं होतं.”

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. पूर्ण हात फिरवून. अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. मग दुसरी मारली. तिसरीला हात वर गेला आणि तिथेच थांबला. मी मान खाली घालून उभा होतो. माराव्यात असं वाटत होतं. पण त्या मटकन बाकावर बसल्या, आणि माझ्या हातांकडे बघू लागल्या. नखांत अजून शंतनूचं रक्त होतं.

“आत जाऊन पायाला हात लावलास?” त्यांनी विचारलं.

“लावला.”

“मग आता खाटीक म्हणून सांग.”

आयुष्यात मला असं कोणी विचारलं नव्हतं. लोक वजन विचारतात, ताजं आहे का विचारतात. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसलो.

“पाय गेलाय, काकू. काल संध्याकाळीच गार लागला होता मला. हाताला कळलं होतं. डॉक्टरने धीर द्यायचा असतो म्हणून मी राहील म्हणालो. आता त्यात जीव नाही, आणि तो अंगाला ठेवला तर बाकीचा शंतनू नासेल.”

रेणुका हुंदका देऊन खाली बसली. काल सांगितलं असतं तर निदान गुडघा राहिला असता का, हे मी हिंगमिरेंना आजवर विचारलेलं नाही. मला ते ऐकायची भीती वाटते.

काकूंनी वाकून कागद उचलला, मांडीवर पसरून तळहाताने सरळ केला आणि सही केली. पूर्ण नाव, स्वच्छ अक्षरात. मग नर्स म्हणाली, खाली एका साक्षीदाराची सही लागेल. रेणुका पुढे झाली.

“तू नको,” काकू म्हणाल्या आणि पेन माझ्याकडे धरलं. “हा करेल.”

मी नाव लिहिलं. गाव लिहिलं. धंद्याच्या रकान्यात खाटीक लिहिलं. पुढचा रकाना रुग्णाशी नात्याचा होता. तिथे माझं पेन थांबलं.

काकूंनी वाकून पाहिलं. त्यांची बोटं माझ्या गालावर अजून चुरचुरत होती.

“मित्र लिही,” त्या म्हणाल्या. “का तेही खोटंच होतं?”

“नाही, काकू,” मी म्हणालो, आणि लिहिलं.